राणीची बाग म्हणजे नुसते पेंग्विन नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत भायखळ्याच्या राणीच्या बागेवर पानभर मजकूर दिसला म्हणून हातातले काम टाकून वाचायला बसले. अर्धे पान पेंग्विन, उरलेल्यात वाघ, सेल्फी कुठे काढावा आणि खायला कुठे जावे! झाडांवर एक ओळ नाही. त्यावर कहर म्हणजे कैलासपतीच्या फुलाचा भलामोठा रंगीत फोटो आणि त्याखाली ‘चाफा’. भायखळ्यात कुणाला एक फोन केला असता तरी हे टळले असते.

पेंग्विन आले २०१६ साली. बाग १८६२ची, आणि ती मुळात झाडांची बाग आहे.

दोष एकट्या तुमचा नाही. माझ्या नातीच्या शाळेची सहल तिथे गेली होती. मुलांना पेंग्विनच्या रांगेत उभे केले, डबे खायला लावले आणि बसमध्ये बसवले. घरी आल्यावर झाडे कुठली पाहिलीस विचारले, तर म्हणाली, “आजी, झाडं दाखवलीच नाहीत.” सहलीचे पैसे मात्र चोख घेतले होते.

पुढच्या रविवारी मीच तिला घेऊन गेले. कैलासपतीची फुले थेट खोडातून फुटलेल्या दांड्यांवर येतात, हे बघून ती जागची हलेना. खाली पडलेले एक फूल तिच्या हातात दिले. जाड, गुलाबी पाकळ्या, वास हाताला राहणारा. मधला फणा बोटाने उचलून तिने आत पाहिले आणि ओरडली, “आजी, पिंड!” मग गोरखचिंचेच्या बुंध्याला आम्ही दोघींनी मिळून मिठी मारली, तरी हात पुरेनात. उर्वशीचे लाल झुबके बघायला उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचे ठरवूनच निघालो. ब्रह्मदेशातले हे झाड आपल्या भायखळ्यात फुलते, हे मुंबईच्या किती मुलांना ठाऊक आहे?

आम्ही गिरणगावातली माणसे. चाळीत दहा बाय दहाची खोली, सावली अशी ती राणीच्या बागेतच. वडील सुट्टीच्या दिवशी न्यायचे आणि प्रत्येक झाडापाशी थांबवायचे. शेजारच्या संग्रहालयापाशी घारापुरीचा दगडी हत्ती आहे, १९६५ मध्ये फोर्टातून हलवलेला ‘काळा घोडा’ पुतळाही तिथेच आहे. तुमच्या लेखात तेही नाहीत. मग लेखकाने पाहिले तरी काय?

२०१७ साली तिकीट ५ रुपयांचे ५० झाले. एवढे पैसे मोजणाऱ्याला आत काय काय आहे ते तरी कळू द्या. झाडांवर वेगळा लेख छापा, आणि कुठले झाड कधी फुलते तेही द्या, म्हणजे लोक त्या वेळी जातील. चाफ्याची दुरुस्ती पुरवणीत त्याच पानावर यावी, आतल्या कोपऱ्यात नको.

आणि हो, मागच्या रविवारच्या शब्दकोड्याचे उत्तर अजून आलेले नाही. तेही द्यावे, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
चिंचपोकळी