उपनगरातील घर: विक्रीचा इतिहास आणि भोवतालची जमीन

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबे काही वर्षांनी शहराबाहेरच्या उपनगरात स्वतंत्र घर घेतात. खोल्या किती, क्षेत्रफळ किती, बांधकाम कोणत्या वर्षीचे, याची चौकशी ती कसून करतात. मात्र ते घर पूर्वी केवढ्याला विकले गेले आणि ते कशाच्या शेजारी उभे आहे, या दोन बाबतींत जाहिरातीत दिसेल तेवढ्यावरच विसंबून राहण्याची वृत्ती आढळते. आयुष्यातले सर्वांत मोठे कर्ज ज्या निर्णयापायी डोक्यावर येते, त्याबाबत एवढी ढिलाई बरी नव्हे, असे मला मनापासून वाटते.

विक्रीच्या इतिहासातला प्रत्येक आकडा हा बाजारभाव असतो, असे मुळीच नाही. अमेरिकेतील अनेक दस्तांत खऱ्या किमतीऐवजी दहा डॉलर अशी नाममात्र रक्कम लिहिण्याची जुनी रीत आहे. आईवडिलांनी मुलांच्या नावे केलेले घर आणि कर्ज थकल्यामुळे जप्त होऊन विकले गेलेले घर, यांच्या नोंदीही त्याच यादीत येतात. टेक्सासमध्ये तर विक्रीची किंमत सरकारदरबारी जाहीर करण्याचे बंधनच नसल्याने तिथल्या घरापुढे छापलेला आकडा पुष्कळदा निव्वळ अंदाज असतो. तेव्हा दोन विक्रींमधील फरकावरून भाव वाढल्याचा निष्कर्ष काढण्याआधी काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) नोंदणी कार्यालयातील दस्त पाहावेत आणि मधल्या काळात वाढीव बांधकाम झाले असल्यास त्याचे परवानेही तपासावेत.

कराच्या नोंदीनेही अशीच फसगत होते. कॅलिफोर्नियात १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ नुसार घराचे करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढत नाही. परंतु घर विकले गेले की सहसा ते नव्या किमतीवर ठरते. त्यामुळे दीर्घकाळ राहिलेल्या जुन्या मालकाचा कर पाहून महिन्याचा खर्च मांडणाऱ्या खरेदीदाराचे गणित पहिल्याच वर्षी कोलमडते.

तरीही मला सर्वाधिक काळजी वाटते ती भोवतालच्या जमिनीची, कारण घर दुरुस्त करता येते, त्याची जागा बदलता येत नाही. टेक्सासमधील ह्यूस्टन शहराच्या पश्चिमेला १९४० च्या दशकात ॲडिक्स आणि बार्कर ही दोन धरणे पूरनियंत्रणासाठी बांधण्यात आली. त्यांचे जलाशय एरवी कोरडे असतात. मोठ्या पुरात पाणी जिथवर चढू शकते ती सगळी जमीन सरकारने घेतलेली नव्हती आणि उरलेल्या पट्ट्यात पुढे वसाहती उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाच्या पावसाने ती घरे बुडाली, तेव्हा आपण जलाशयाच्या हद्दीत राहतो हे कित्येक मालकांना प्रथमच कळले. काही वसाहतींच्या मंजूर नकाशांवर मात्र या धोक्याची सूचना छापलेली होती! पुढे २०१९ मध्ये टेक्सासने कायदा करून, घर पूर्वी पुरात बुडाले होते का आणि ते जलाशयाच्या पूरक्षेत्रात येते का, हे आपल्याला असलेल्या माहितीनुसार लेखी सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक केले. पण सगळ्या राज्यांचे नियम सारखे नाहीत, शिवाय विक्रेत्यालाच ठाऊक नसेल तर तो सांगणार काय?

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती सुमारे २६ टक्क्यांवर जाते. ही शक्यता जाणूनही कोणी घर घेतले तर तो त्याचा अधिकार आहे, परंतु ती जाणण्यासाठी केंद्र सरकारचे पूरनकाशे आणि काउंटीने मंजूर केलेला वसाहतीचा नकाशा, दोन्ही उघडून पाहिले पाहिजेत. घर १९७८ पूर्वीचे असल्यास रंगातील शिशाबाबत ज्ञात माहिती देणेही विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ती अवश्य मागावी.

आपल्या दैनिकाचे वाचक परदेशातही मोठ्या संख्येने आहेत. एखाद्या घराचा दस्त, करनोंद आणि वसाहतीचा नकाशा कसा वाचावा, हे जाणकाराकडून उदाहरणासह समजावून देणारा लेख आपण प्रसिद्ध करावा, ही नम्र विनंती.

आपला,
एक नियमित वाचक