मोटरहोम घेताना आधी वजनकाटा, मग सोफा

मा. संपादक,

मध्यंतरी तुमच्या पुरवणीत मोटरहोमवर, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीवर (हिलाच कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅनही म्हणतात), पानभर मजकूर आला होता. फोटो झकास होते, आत ओटा, बेड, फ्रिज, टपावर सोलर, बाजूला ओढायची कनात, सगळं. पण गाडी वजन किती पेलते, तिचं पासिंग कशावर झालंय, मागे बसणाऱ्याला सीटबेल्ट आहे का, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं म्हणून हे लिहितेय. मी, नवरा आणि धाकटे दीर असे तिघं मिळून बरेच महिने अशी गाडी शोधतोय, पुण्याच्या आसपासच्या बॉडीवाल्यांकडे, म्हणजे चासीवर अशी गाडी बांधून देणाऱ्यांकडे, जाऊन आलो, बाकीच्यांची कोटेशनं फोनवर मागवली, आणि जिथे जाल तिथे पहिला प्रश्न हाच की मॅडम सनमायका कुठल्या रंगाचं हवंय.

रंग नंतर बघू हो, आधी वजनाचं बोला. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन, त्यातला फरक म्हणजे तुमच्या वाट्याला येणारा भार. आता कागद-पेन्सिल घेऊन मांडा. १२० लिटरची पाण्याची टाकी भरली की १२० किलो. १८ एमएमच्या आठ बाय चार प्लायची एक शीट तीस किलोच्या वर जाते, कपाटं-बेड-ओटा मिळून सहा शीट लागल्या तर २०० किलो तिथेच गेले. घरच्या इन्व्हर्टरला असतात तशा १५० एएचच्या दोन बॅटऱ्या म्हणजे आणखी शंभराच्या वर. टपावरचा एसी ३०-३५ धरा, पाच माणसं सव्वातीनशे. पावणेआठशे किलो झाले आणि अजून फ्रिज, भांडी, अंथरुणं, स्टेपनी, पोरांच्या सायकली काहीच धरलेलं नाही. एका ठिकाणी विचारलं की सगळं बसवल्यावर गाडी किती भरते, तर उत्तर आलं की ट्रॅव्हलरची चासी आहे, काय बी होत नाही. ताम्हिणी उतरताना ब्रेक गरम होऊन वास सुटला की काय होतं ते मग कळतं, आणि तेव्हा मागे आपलीच माणसं बसलेली असतात.

म्हणून आम्ही ठरवलंय की शेवटचा हप्ता द्यायच्या आधी गाडी वजनकाट्यावर न्यायची, टाकी फुल्ल, डिझेल फुल्ल, घरची माणसं आत बसवून. नुसतं एकूण वजन बघू नका, पुढची चाकं काट्यावर आणि मागची खाली असं एकदा, मग उलटं एकदा. पाण्याची टाकी अगदी मागे, मागच्या एक्सलच्याही पलीकडे बसवली असेल तर पुढचा भाग हलका होतो आणि स्टीअरिंग हातात राहत नाही. अजून एक गोष्ट बिनखर्चाची आहे, गाडी सपाट जागेवर लावून मागे उकिडवं बसा आणि दोन्ही बाजूंना टायर आणि मडगार्डमधली फट बघा. आम्ही बघितलेल्या एका गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला चार बोटं मावत होती आणि डाव्या बाजूला जेमतेम दोन, कारण ओटा, फ्रिज, टाकी, टॉयलेट सगळं डावीकडे एका ओळीत लावलेलं. दिसायला एकदम मोकळं, पण डावीकडचे पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगा, किती दिवस टिकणार?

आता कागदांचं. मोटर कॅराव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे स्टँडर्ड आहे, आणि तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक, एआरएआय, तर आपल्या पुण्यातच आहे. बॉडीवाल्याकडे टाइप अप्रूव्हलचं, म्हणजे ते मॉडेल तपासून मंजूर झाल्याचं, सर्टिफिकेट मागा, झेरॉक्स तरी मागा, त्यावर तुमच्याच मॉडेलचं नाव आहे का ते वाचा. 'पासिंगचं आम्ही बघतो' एवढ्यावर पंचवीस-तीस लाख देऊ नका. आम्हाला दाखवलेल्या एका वापरलेल्या गाडीच्या आरसीवर अजून सतरा सीटची बस लिहिलेलं होतं आणि आत होते दोन बेड आणि एक बेसिन! मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या अशा बदलांसाठीच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या प्रकरणात सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरोधात जाणारा बदल गाडीत करता येणार नाही. बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. दंड एक वेळ भरून टाकाल, पण अपघात झाल्यावर विमा कंपनीने याच मुद्द्यावर क्लेम अडवला तर कुणाकडे जाणार? बॉडीवाला तेव्हा फोन उचलणार नाही.

पाटी पांढरी की पिवळी हेही आधीच ठरवा. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये येते, घरच्यासाठी घेताय तर तशीच नोंद करून घ्या, भाड्याने द्यायची असेल तर तो मार्ग वेगळा. लायसनचं टेन्शन मात्र फार नको, एकूण ७५०० किलोपर्यंत एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन, चालतं.

सीटबेल्टवर मला जरा जास्तच बोलायचंय कारण याच्यावर कोणीच बोलत नाही. गाडी चालू असताना पोरं कुठे बसणार? कॅटलॉगमध्ये ती आडव्या सोफ्यावर कॅरम खेळताना दाखवतात. आडवा सोफा, बेल्ट नाही, समोर ओट्याचा ग्रॅनाइटचा कोपरा, आणि समोरून अचानक ट्रक आला तर? ग्रॅनाइट तर मुळात गाडीत कशाला हवा, वजन वेगळंच. जेवढी माणसं प्रवास करणार तेवढ्या पुढे तोंड असलेल्या, फ्लोअरला पक्क्या बोल्ट केलेल्या आणि बेल्टवाल्या सीट मोजून घ्या. आमच्या दिरांनी एका ठिकाणी सीट धरून हलवली तर अख्खी सीट स्क्रूसकट हलली, स्क्रू प्लायमध्ये मारलेले होते, पत्र्यात नाही.

विजेचं थोडक्यात सांगते. एक टनाचा एसी साधारण एक किलोवॅट खातो, १२ व्होल्टची २०० एएच लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट, विदर्भातल्या मे महिन्यात ती दोन तास चालली तरी पुष्कळ. टपावरचं ४०० वॅटचं सोलर स्वच्छ उन्हात दिवसाला दीडेक युनिट देईल, कोकणात पावसाळ्यात त्याची आशा सोडा. म्हणजे रात्रभर एसी हवा असेल तर बाहेरून लाइन घ्यावी लागणार, 'सोलरवर रात्रभर एसी' म्हणणाऱ्याला युनिटचा हिशोब कागदावर लिहून मागा. गॅसचं म्हणाल तर घरचा लाल सिलेंडर गाडीत अजिबात नको, गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला की खाली फ्लोअरला साचतो आणि आपण झोपतो तिथेच. गॅस ठेवणारच असाल तर फ्लोअरला व्हेंट आणि अलार्म पाहिजेच.

टॉयलेटबद्दल विक्रेते लाजतात की काय कळत नाही. कॅसेटवालं, म्हणजे खालचा मैल्याचा डबा बाहेर काढून रिकामा करायचा असतो तसलं, घेतलं तर वीसेक लिटरचा डबा भरतो, चार माणसांत दोन दिवसांत, आणि तो रिकामा कुठे करायचा हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, धोरण चांगलंच आहे, पण मोठ्या बसस्टँडवर आणि हायवेच्या थांब्यांवर मैला रिकामा करायची आणि पाणी भरायची सोय झाली पाहिजे, नाहीतर तो ओढ्यातच ओतला जाणार, ही माझी सरकारला कळकळीची विनंती आहे. आणि तुम्हाला विनंती अशी की पुढच्या वेळी गाडीचा फोटो छापाल तेव्हा खाली किमतीशेजारी रिकामं वजन, कमाल वजन आणि बेल्टवाल्या सीटची संख्याही छापा, वाचक तोच आकडा बॉडीवाल्याला विचारायला लागतील.

ज्यांना जुनी गाडी घ्यायचीय त्यांनी जुलैमध्ये बघायला जावं, शक्यतो धो धो पाऊस असताना. एसीच्या आणि सोलरच्या खालचं छत हाताने दाबून बघा, गादी उचलून खालची प्लाय बघा, कपाटात डोकं घालून कुबट वास येतो का बघा. डिसेंबरात वाळवून पॉलिश मारून ठेवलेल्या गाडीत हे काही दिसत नाही.

आपली,
एक वाचक, सातारा