यूजीनच्या पांढऱ्या व्हॅनमधून आलेल्या त्या दोघांस

यूजीन, ऑरेगन

स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२३ मधल्या एका रात्री, सव्वादोनच्या सुमारास, ‘काहूट्स’ या संकटकाळी घरी येणाऱ्या मदतसेवेचे आपण दोघे आमच्या घरी आलात. माझे आईबाबा साताऱ्याहून येऊन तेव्हा दोन दिवसही पूर्ण झाले नव्हते. आभाराचे चार शब्द मी आपल्या कार्यालयाकडे इंग्रजीत तेव्हाच पाठवले होते. परंतु त्या रात्री आमच्या घरात जे खरे बोलणे झाले ते मराठीत झाले, आणि ज्यांच्यापर्यंत ते पोहोचावे असे मला वाटते ती माणसेही मराठीच वाचतात, म्हणून हे दुसरे पत्र बाबांच्या संमतीने मराठीत लिहीत आहे.

बाबांनी एसटीत तेहतीस वर्षे नोकरी केली. आधी वाहक म्हणून आणि शेवटची काही वर्षे वाहतूक नियंत्रक म्हणून. त्या रात्री ते आमच्या बैठकीच्या खोलीत उभे राहून पाच नंबरच्या फलाटावर गाडी लावायला सांगत होते. अंगातला सदरा घामाने चिंब भिजला होता, हात इतके कापत होते की पाण्याचा पेला धरवत नव्हता, आणि मधूनच ते भिंतीवरून मुंग्या झटकल्यासारखे करत होते, जरी भिंतीवर काहीच नव्हते. आदल्या दिवशी त्यांचा हात थरथरताना मी पाहिला होता आणि लांबच्या प्रवासाचा शीण म्हणून सोडून दिला होता. ती चूक माझी होती, हे मी येथे स्पष्टपणे लिहून ठेवतो.

अमेरिकेत तातडीच्या मदतीसाठी असलेला नऊशे अकरा हा क्रमांक मी फिरवला नाही, कारण त्या अवस्थेतल्या बाबांसमोर कमरेला पिस्तूल लावलेला पोलीस येऊन उभा राहील आणि त्याने दिलेला इंग्रजी हुकूम त्यांना कळणार नाही, या कल्पनेनेच माझे हातपाय गार पडले होते. विद्यापीठातल्या एका सहकाऱ्याने पूर्वी कधीतरी ‘काहूट्स’बद्दल सांगितले होते, ते आठवले आणि पोलिसांच्या तातडीच्या नसलेल्या क्रमांकावर फोन करून मी ती गाडी मागितली. व्हाइट बर्ड क्लिनिकने १९८९ साली या गावात सुरू केलेल्या त्या सेवेची रीत मला नंतर समजली: गाडीत दोन माणसे, एकाला वैद्यकीय प्रशिक्षण, दुसऱ्याला मानसिक संकटातल्या माणसाशी बोलण्याचे, गणवेश नाही, शस्त्र नाही, घरच्यांकडून एक पैसाही घेणे नाही, आणि ज्याच्यासाठी यायचे त्याच्या मर्जीविरुद्ध त्याला कुठे नेणे नाही.

बाई, आपण दारात बूट काढलेत. तसे कोणी सांगितले नव्हते. आमच्या चपला ओळीने ठेवलेल्या पाहून आपण काढलेत. माझी आई आजही पहिल्यांदा तेच सांगते. आपण बाबांची नाडी पाहिलीत, रक्तदाब पाहिलात, त्यांना दोन्ही हात समोर धरायला लावलेत, जीभ बाहेर काढायला सांगितलीत, आणि मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलेत की यांनी शेवटचे मद्य कधी घेतले. घेतात का, असे आपण विचारले नाहीत. मी ताबडतोब उत्तर दिले की आमच्याकडे कोणी घेत नाही, आणि हे मी मनापासून, खरे मानून सांगितले होते. आपण मान डोलावलीत आणि तोच प्रश्न आईला मराठीत विचारण्याची मला विनंती केलीत, त्याबरोबर एवढेच जोडलेत की उत्तर काहीही असले तरी त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, फक्त किती तास झाले हे समजायला हवे.

आई स्वयंपाकघराच्या दारात पदर मुठीत धरून उभी होती. ती म्हणाली, “रोज घेतात. तुझ्या लग्नाच्या आधीपासून. निघायच्या आदल्या रात्री शेवटची घेतली.”

सूनबाईच्या घरी जायचे म्हणून बाबांनी एका रात्रीत सोडली होती. आईला त्याचा आनंदच झाला होता. आपण बोटांवर तास मोजलेत. सुमारे तीन दिवस भरले. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की दोन ते चार दिवसांत हे असे भास, घाम, थरथर आणि ताप उद्भवू शकतात, त्याआधी फिटही येऊ शकते, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो, हे आपण मला मोजक्या वाक्यांत समजावलेत आणि रुग्णवाहिका बोलावलीत. एकदम दारू सोडणे ही चांगलीच गोष्ट, अशी आमच्या घरी समजूत होती. आजही कित्येक मराठी घरांत ती आहे, म्हणून हा भाग इतका विस्ताराने लिहिला. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हे आईला कोणी सांगितलेच नव्हते. कारण तिने कधी कोणाला विचारले नव्हते.

आणि आपण, भाऊ. रुग्णवाहिका येईपर्यंतची ती वीसेक मिनिटे बाबा दाराबाहेर जायला धडपडत होते, कारण गाडीला उशीर झाला होता आणि प्रवासी खोळंबले होते. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होतो की बाबा, हा सातारा स्टँड नाही, ही अमेरिका आहे. आणि तितके ते अधिक चिडत होते. आपण जमिनीवर मांडी घालून बसलात आणि मला विचारलेत की ते काय म्हणत आहेत. मी सांगितल्यावर आपण म्हणालात की त्यांना खोटे पाडू नका, गाडी निघेपर्यंत जरा टेकायला सांगा. मी तसे सांगितले. बाबा आपल्याशेजारी खाली बसले. मग आपण मला ‘वॉटर’साठी मराठी शब्द विचारलात आणि पेला पुढे करून “पानी?” म्हणालात. बाबांनी आपल्याकडे पाहिले, “पाणी,” अशी दुरुस्ती केली, आणि आपण धरलेल्या पेल्यातून ते थोडेसे प्यायले.

स्प्रिंगफील्डच्या रुग्णालयात ते सहा दिवस होते. औषधे आणि ब१ जीवनसत्त्व शिरेतून देत होते. चौथ्या दिवशी त्यांनी मला नावाने हाक मारली. परत गेल्यावर त्यांनी साताऱ्यात रीतसर उपचार घेतले. मध्यंतरी एकदा पाय घसरला, पण तो त्यांनी स्वतः फोन करून सांगितला, आणि आमच्या घरात असा फोन येणे ही माझ्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. भारतात घरोघरी येणारी अशी व्हॅन माझ्या माहितीत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मात्र आईने फ्रीजवर चिकटवला आहे आणि दोनदा वापरलाही आहे.

पस्तीस वर्षांहून अधिक काळ चालल्यानंतर ७ एप्रिल २०२५ रोजी काहूट्सची यूजीनमधली सेवा बंद झाली, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. लेन काउंटी या आमच्या जिल्ह्याचे तसेच फिरते पथक आता आहे आणि त्याचे काम उत्तम चालो, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तरीही ती पांढरी व्हॅन आता आमच्या रस्त्यावर वळणार नाही, याचे दुःख होते. आपण दोघे सध्या कुठे काम करता हे मला ठाऊक नाही.

बाबांना त्या रात्रीचे काहीच आठवत नाही. स्टँड नाही, मुंग्या नाहीत, रुग्णवाहिकाही नाही. फक्त कोणीतरी शेजारी बसून चुकीच्या उच्चारात पाणी विचारले होते, एवढे आठवते. गेल्या रविवारीही त्यांनी फोनवर विचारले, “तो पानी म्हणणारा मुलगा बरा आहे ना?”

आपला ऋणी,
त्यांचा मुलगा