उडवीशेजारची गाडी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल खालच्या वाडीतली जीप जळाल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही. शेतातल्या भाजावळीची ठिणगी वाऱ्याने उडते काय आणि तासाभरात नुसता सांगाडा उरतो काय. माणसं वाचली, देवाचे उपकार. पण विम्यातून त्यांना एक पैसा मिळणार नाही म्हणालात, म्हणून लगेच आपल्या पॉलिसीचा फोटो मागवला.

बाबा, आपलीही तशीच आहे. नुसती थर्ड पार्टी. कायद्याने सक्तीची तेवढीच, पण ती दुसऱ्याचं नुकसान भरून देण्यासाठी. आपली गाडी जळाली तर तिचा उपयोग नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ लागतं. आग, स्फोट, आपोआप पेट घेणं, वीज पडणं हे सगळं त्यात येतं. गाडी जुनी झाली, आता जास्तीचा हप्ता कशाला, असं तुम्हाला वाटलं असणार. पण गुडघ्यांसाठी आईला रत्नागिरीला न्यायचं तर आपल्याकडे दुसरं साधन कुठलं?

२०१९ पासून थर्ड पार्टी चालू असताना ओन डॅमेज वेगळं घेता येतं. आपल्या ओन डॅमेजमध्ये खंड पडलाय, म्हणून कंपनी आधी गाडी तपासेल. ९० दिवस उलटून गेल्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मात्र गाडीची किंमत, ज्याला ते आयडीव्ही म्हणतात, हप्ता वाचवायला कमी लावू देऊ नका. पाच वर्षांवरच्या गाडीची ती कंपनी आणि आपण मिळून ठरवतो, आणि गाडी पूर्ण जळाली तर त्याच आकड्यावर हिशेब होतो.

सीएनजी किट आपण नंतर बसवला. आरसीवर त्याची नोंद आहे ना? पॉलिसीतही किटची किंमत वेगळी लिहून घ्यायची. आगीचा दावा अडतो तो बऱ्याचदा इथेच. टाकीची तपासणी दर ३ वर्षांनी करावी लागते, तो कागदही शोधून ठेवा.

आई, तुला एक सांगते. गाडी उभी असते तिथून गवताची उडवी चार पावलांवर आहे. गवतात उंदीर, आणि गेल्या वर्षी बॉनेटखालच्या वायरी कुरतडल्या होत्या त्या त्यांनीच. सध्या गाडी अंगणात, तुळशीच्या अलीकडे लावायला सांग. भाजावळ संपेपर्यंत तरी.

आणि बाबा, कधी धूर दिसलाच तर बॉनेट उघडायचं नाही, पाणी मारायला जवळ जायचं नाही. लांब व्हायचं आणि १०१ ला फोन करायचा. गोठा पेटला तेव्हा म्हशीचं दावं सोडवायला तुम्ही आत शिरला होतात, हातावरचा डाग अजून आहे. तेव्हा मी सात वर्षांची होते, पडवीत उभी राहून तुम्हाला हाका मारत होते. ती म्हैस होती, तिला जीव होता. गाडीला नाही.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते. रविवारी सकाळी आपण दोघं मिळून उडवी हलवू. आरसी आणि किटची पावती तेवढी लोखंडी कपाटातून काढून ठेवा.

तुमची,
मनू