कॅल्क्युलेटरचा मोडही वहीत लिहावा

माननीय संपादक,

महोदय,

कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे संगणकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला शिक्षक या नात्याने, प्रात्यक्षिकांच्या वहीत नेहमी राहून जाणाऱ्या एका लहानशा नोंदीविषयी हे पत्र लिहीत आहे.

निमित्त घडले ते शेजारच्या एका मुलीमुळे. ती स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेला आहे. आवारातील चिंचेच्या झाडाची उंची काढण्याचा प्रयोग तिला दिला होता. बुंध्यापासून २० मीटरवर उभे राहून शेंड्याचा उन्नत कोन तिने ४० अंश मोजला. आता डोळ्यांची उंची वेगळी मिळवायची आणि बाकीच्या उंचीसाठी २० गुणिले टॅन ४० एवढेच करायचे. संगणकावरील कॅल्क्युलेटरने उत्तर दिले उणे २२.३४. ‘‘सर, झाड जमिनीत गेलं,’’ असे ती हसत म्हणाली. काहीतरी चुकले आहे हे तिने ओळखले होते आणि म्हणून कोनाचे एकक बदलणारे बटण एकदा दाबून पाहिले होते. त्यावर १४.५३ आले, ते शहाण्यासारखे दिसले, आणि तेच तिने शाईने वहीत उतरवले. खरे उत्तर १६.७८ आहे.

विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये सायंटिफिक मोडमधले हे बटण आळीपाळीने डेग, रॅड आणि ग्रॅड असे फिरते, म्हणजे अंश, रेडियन आणि ग्रेडियन. ४० रेडियन म्हणजे सहा पूर्ण फेऱ्या होऊन वर सुमारे १३२ अंश. त्याचा टॅन ऋण येणारच. ग्रेडियनमध्ये मात्र काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग करतात, त्यामुळे ४० ग्रेडियन म्हणजे ३६ अंश होतात आणि उत्तर खऱ्या उत्तराच्या जवळपास फिरते. माझ्या मते तिघांत हाच मोड सर्वांत घातक आहे. झाड जमिनीत गेले तर कोणीही थांबून विचार करतो. ते सव्वादोन मीटरने बुटके झाले तर तपासनीससुद्धा बरोबरची खूण करून पुढचे पान उलटतो.

याहून साधी गफलत शाळेपासूनच घडते. ‘कंचेभागुबेव’ पाठ असलेले मूल ६ + ४ × ५ चे उत्तर २६ काढते आणि स्टँडर्ड मोड त्याला ५० दाखवतो. येथे यंत्र बिघडलेले नसते. स्टँडर्ड मोड हा दुकानातल्या गल्ल्याशेजारच्या कॅल्क्युलेटरसारखा, आलेली क्रिया तिथल्या तिथे उरकत पुढे जाणारा आहे, तर सायंटिफिक मोड आधी गुणाकार करून २६ वर येतो. हे एकदा फळ्यावर करून दाखवले की पुरते, परंतु ते दाखवलेच जात नाही, असा माझा अनुभव आहे.

माझ्या विषयात चुकांची खरी गर्दी होते ती प्रोग्रॅमर मोडमध्ये. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, हा मोड वेगळा मिळतो. त्यापूर्वी षोडशमान, अष्टमान आणि द्विमान या, म्हणजे अनुक्रमे सोळा, आठ आणि दोन अंकचिन्हांनी संख्या लिहिण्याच्या, पद्धती सायंटिफिकमध्येच असत. येथे एकच संख्या चार ओळींत चार रूपांनी दिसते: षोडशमानात १० टंकले की दशमानाच्या ओळीत १६ आणि अष्टमानाच्या ओळीत २० उमटतात. द्विमान निवडल्यावर ० आणि १ वगळता बाकीच्या अंकांची बटणे निष्प्रभ होतात, हे पाहून मुलांना जी गंमत वाटते ती पाठ्यपुस्तकातल्या कोष्टकाने कधी वाटली नाही. पण हा मोड केवळ पूर्णांकांचा आहे. ७ भागिले २ चे उत्तर तो ३ देतो आणि उरलेल्या अर्ध्याचा उल्लेखही करत नाही. प्रोग्रॅमर मोड तसाच उघडा राहिलेल्या संगणकावर पुढच्या तुकडीतल्या मुलाने सरासरी काढली, तर ती पूर्णांकातच येते आणि तशीच वहीत जाते.

त्याच पडद्यावर शब्दलांबीचे, म्हणजे एका संख्येला किती बिट (० किंवा १ मावणारी घरे) मिळतील हे ठरवणारे, बटण आहे: क्यूवर्ड ६४ बिटांचा, डीवर्ड ३२, वर्ड १६ आणि बाइट ८. याकडे शिक्षकांचेही दुर्लक्ष होते. बाइट निवडून दशमानात १०० अधिक १०० केले तर उत्तर उणे ५६ येते, कारण आठ बिटांत चिन्हासह १२७ च्या वर जागाच नसते. आमच्याकडे बारावीला ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर शिकवला जात असे. त्याचा ॲक्युम्युलेटर, म्हणजे बेरजेचे उत्तर जेथे साठते तो कप्पा, आठच बिटांचा. षोडशमानातील ८ए आणि ७एफ (येथे ए ते एफ ही अक्षरे १० ते १५ साठी) यांची बेरीज क्यूवर्डमध्ये १०९ दिसते, म्हणून मुले ॲक्युम्युलेटरमध्ये १०९ लिहून मोकळी होत. बाइट निवडल्यास ९ दिसतो, आणि ॲक्युम्युलेटरमध्ये खरोखर तेवढेच उरते. वरचा १ कॅरी फ्लॅगमध्ये, म्हणजे हातच्याची नोंद ठेवणाऱ्या बिटात, जातो, जो कॅल्क्युलेटरच्या या बेरजेत कोठेच दिसत नाही. म्हणजे एका मोडमध्ये बेरीज पूर्ण दिसते पण प्रोसेसरची मर्यादा कळत नाही, आणि दुसऱ्यात मर्यादा कळते पण हातचा हरवतो. दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहून घेतल्याशिवाय कॅरी फ्लॅग म्हणजे काय हे वर्गाला पटत नाही, असे मी शेवटी शेवटी शिकलो. हे मला पहिल्या वर्षीच सुचायला हवे होते.

या सगळ्यासाठी नवा अभ्यासक्रम किंवा नवी यंत्रे नकोत. भौतिकशास्त्राच्या वहीत ‘साहित्य’ या मथळ्याखाली व्हर्निअर कॅलिपर लिहिला की त्यापुढे त्याचे लघुतम माप, बहुधा ०.०१ सेंमी, लिहावेच लागते. ते नसेल तर आम्ही गुण कापतो. त्याच मथळ्याखाली ‘कॅल्क्युलेटर’ हा शब्द मात्र एकटाच उभा असतो. त्यापुढे मोड, कोनाचे एकक आणि जेथे लागू असेल तेथे शब्दलांबी लिहिणे सक्तीचे करावे, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांनी त्या नोंदीला अर्धा गुण ठेवावा, अशी माझी महाविद्यालयांना आणि परीक्षकांना विनंती आहे. शेजारच्या मुलीने १४.५३ खोडून १६.७८ लिहिले आणि त्यापुढे कंसात ‘अंश’ असा शब्द घातला. तिच्या शिक्षकांनी त्या शब्दाखाली लाल शाईने प्रश्नचिन्ह काढून वही परत पाठवली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सातारा