मॉनिटर आहे, बघतो कोण?

महोदय,

रामबागेत आता इमारतीइमारतीत कॅमेरे आहेत. फाटकाजवळच्या खोलीत मॉनिटरवर नऊ चौकोन दिसतात. समोर चौकीदार असलाच तर त्याची नजर मोबाइलमध्ये. आमच्या जिन्यावरच्या चौकोनात तर नुसतं जाळंच दिसतं. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांवर किडे येतात आणि त्यांच्यामागे कोळी! गाडी चोरीला गेली की मग धावाधाव. तोवर बरेचदा उशीर झालेला असतो, कारण हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, जुनं चित्रण पुसून त्यावर नवं साठवतो. सोसायट्यांनी आणखी कॅमेरे घेण्याआधी दर रविवारी कुणीतरी काच पुसावी, मागचं चित्रण उघडून बघावं आणि घड्याळ जुळवावं. वेळ चुकीची असली तर पोलिसांपुढे पंचाईत होते.

— एक रहिवासी, इंदूर