शोषखड्ड्याची परीक्षा मे महिन्यात नको

मा. संपादक,
गटारवाहिनी न पोहोचलेल्या गोराई-मनोरीच्या वाड्या असोत की मुंबईकरांनी कोकणात बांधलेली घरे, सेप्टिक टाकी तुंबते ती बहुधा जुलैत. मग उपशासाठी टँकर येतो. पण दोष टाकीचा क्वचितच असतो. तिच्यातून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरायचे असते, पण ते घ्यायला जमीनच तयार नसते. बांधकामे उन्हाळ्यात उरकायची म्हणून हा शोषखड्डाही मेमध्ये खणतात, कंत्राटदार दोन बादल्या ओततो, पाणी दिसेनासे होते आणि शोषखड्डा पास! तेव्हा भूजल तळाला गेलेले असते, मातीला भेगा असतात. या परीक्षेला काय अर्थ?

भूजल ऑगस्टमध्ये, सलग पावसानंतर मोजावे. हाताने फिरवायच्या ऑगरने (मातीत भोक पाडणाऱ्या गिरमिटाने) दोन-अडीच मीटर खोल भोक घ्यावे, त्यात छिद्रे पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करावा, तोंड झाकावे आणि दुसऱ्या दिवशी टेप सोडून पातळी पाहावी. खाडीकाठी हेच माप उधाणाच्या भरतीलाही घ्यावे. पाणी १.८ मीटरच्या आत लागले तर शोषखड्ड्याचा नाद सोडावा. मग भराव घालून शोषचर (पाणी मुरवणारे लांबट चर) उंचावर घ्यावे लागतात. थांबायला वेळच नसेल तर खड्ड्याच्या भिंतीत राखाडी-तांबूस डाग कुठवर आहेत ते बघावे, पावसाळी पाणी साधारण तिथवर चढते. जांभ्यात मात्र ही खूण फसवी, तो दगड मुळातच ठिपक्यांचा.

पाझर, म्हणजे जमिनीत पाणी मुरण्याचा वेग, मोजण्याची रीत सेप्टिक टाकीसाठीच्या भारतीय मानक २४७० मध्ये आहे. चर जितका खोल घ्यायचा तितकाच खोल, १० ते ३० सेंटिमीटर रुंद खड्डा खणावा. पहारीने गुळगुळीत झालेल्या भिंती खरवडाव्यात, नाहीतर चिकणमातीचा लेप पाणी अडवतो. तळाशी ५ सेंटिमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी घालून वर ३० सेंटिमीटर पाणी निदान चार तास, शक्यतो रात्रभर राखावे. हीच पायरी सर्रास गाळली जाते आणि काळ्या मातीत नेमकी तीच मोलाची, कारण माती फुगून भेगा बुजल्याशिवाय खरा वेग कळत नाही. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून दर अर्ध्या तासाने घट मोजावी व पुन्हा भरावे. असे चार तास. शेवटच्या अर्ध्या तासातील घटीवरून २५ मिलिमीटर पाणी उतरायला किती मिनिटे लागतात ते काढावे, हाच पाझराचा दर. वाळूत दहा-दहा मिनिटांनी तासभर मोजले तरी पुरते.

हा दर तीस मिनिटांपर्यंत असेल तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मध्ये फक्त चर, त्यापुढे दोन्ही नाही. टाकीनंतर फिल्टरच बांधावा लागतो. पाझराचा दर १० मिनिटे असेल तर चराच्या तळाचा एक चौरस मीटर दिवसाला सुमारे ६५ लिटर घेतो, ३० असेल तर ३७. म्हणजे रोज ४५० लिटर सांडपाण्याच्या घराला एका जमिनीत ७ चौरस मीटर पुरतात, दुसरीत १२ लागतात. सगळीकडे एकाच मापाचा खड्डा मारणाऱ्यांना हे कोण सांगणार?

मिनिटांचा आकडा फारच लहान आला म्हणून हुरळूही नये. जांभ्याच्या पोकळ्यांतून किंवा भरड वाळूतून पाणी न गाळताच विहिरीला भेटते. विहिरीपासून १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर हे मानकातले अंतर तिथे किमान समजावे, आणि शोषखड्डा उतारावर विहिरीच्या वरच्या अंगाला नसावा.

भर पावसात टाकी पूर्ण उपसणेही टाळावे. भूजल वर असताना रिकामी टाकी, विशेषतः प्लास्टिकची, जमिनीतून वर उचलली जाते आणि पाइपांचे जोड तुटतात.

परवानगीच्या नकाशावर टाकीचा चौकोन काढलेला असतो. त्याच्या शेजारी पाझराचा दर आणि पावसाळ्यातील भूजलाची खोली, तारखेसह, लिहिणे बंधनकारक करावे.

– एक स्थापत्य अभियंता, बोरिवली, मुंबई